चोरीचा माल खपतो कुठे? भंगार, मोड, गहाण, जुने मोबाइल: तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल?

सातबारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रब्बीचं पाणी सुरू झालं की मोटारी, केबल, स्टार्टर जायला सुरुवात होते. लग्नसराई आली की बसस्टँडवर गंठण, पोत आणि आठवडी बाजारात मोबाइल. चोर केबल काही घरात मांडून ठेवत नाही. ती रात्रीत जळते आणि सकाळी तांबं होऊन कुणाच्या तरी काट्यावर चढते. सोन्याचंही तेच. घेणारा आहे म्हणून चोरणारा आहे, हे माझं ठाम मत.

मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय एकट्या छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे दुकानांसाठी आदेश काढायला तिथं आयुक्त आहेत. बाकी जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव इथल्या तालुक्यांनी काय करायचं? ग्रामसभा, नगरपंचायत, ठाणेदार, सराफा असोसिएशन मिळून काही करू शकतात का? माझं म्हणणं, प्रत्येक दुकानात नोंदवही सक्तीची करा. अर्धी चोरी तिथंच थांबेल.

मोंढा_नाका

वह्या आहेत की दुकानांत. 'तांबे ८ किलो, पप्पू' अशी नोंद असली काय नि नसली काय.

विहीरवाट

सातबारा भाऊ, आधी तांब्याचा हिशोब डोक्यात ठेवा. ४ चौरस मिमीची तीन कोअरची केबल १०० मीटर असेल तर तिच्यात जवळपास पावणेअकरा किलो तांबं निघतं. २.५ ची असेल तर पावणेसात किलो. म्हणजे कुणी एकटा माणूस सकाळी सात वाजता गोणीत दहा किलो तांबं घेऊन आला, तर ती एका विहिरीची अख्खी केबल आहे. हे काट्यावर बसलेल्याला कळत नाही असं नाही.

दुसरी खूण जळण्याची. शेतकरी स्वतःची जुनी केबल मोडीत घालतो तेव्हा तशीच आणतो किंवा सोलून आणतो, कारण जळक्या तांब्याला भाव कमी मिळतो. जळकं तांबं काळपट असतं, खवले सुटतात, हाताला काजळी लागते. भाव पाडून घेऊनही जो जाळून आणतो त्याला केबलवरचं नाव आणि मीटरचे आकडे नको असतात. म्हणून नोंदवहीच्या आधी एक साधा नियम करा: तालुक्यातल्या कुठल्याही काट्यावर जळकं तांबं घ्यायचं नाही.

गोदाकाठ

विहीरवाट, नियम चांगला आहे, पण रिवाइंडिंगवाल्याचं काय? मोनोब्लॉक (पंप-मोटार एकत्र असलेली) जळाली की तो जुनं वेटोळं तापवूनच काढतो. त्याचं तांबंही काळंच असतं. तो बिचारा चोर ठरायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी नको.

विहीरवाट

बरोबर बोललात, पण दोन्ही तांबी एकसारखी दिसत नाहीत. वेटोळ्याची तार एकेरी, जाड, आणि खाचांत बसलेली असल्यामुळं वाकड्या आकाराची निघते. केबलचं तांबं म्हणजे केसासारख्या बारीक तारांचा पीळ, लांबच लांब. शेजारी शेजारी ठेवलं तर शाळकरी पोरगंही ओळखेल. तेव्हा नियम असा लिहा: जळका *पीळ* घ्यायचा नाही, आणि जळकं वेटोळं फक्त रिवाइंडिंगच्या दुकानाच्या पावतीवर घ्यायचं.

कलम_कसोटी

नवा कायदा मागण्याआधी जुना काढून वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम १२६, १२७, १२८ आहेत. गहाणवट करणारे, जुन्या मालाचे व्यापारी आणि धातूकाम करणारे, तिघेही त्यात येतात.

१२६ म्हणतं की पोलिसांनी चोरीच्या मालाचं वर्णन *लेखी* कळवलं असेल आणि त्या वर्णनाची वस्तू दुकानदाराकडे असेल किंवा कुणी विकायला आणली, तर त्यानं लगेच ठाण्याला कळवलं पाहिजे आणि देणाऱ्याचं नाव-पत्ता मिळवायचा प्रयत्न केला पाहिजे. त्यातला दंड आजच्या हिशोबानं किरकोळ आहे. खरा दात १२७ ला आहे: असं वर्णन मिळाल्यावर ती वस्तू वितळवली, बदलली, खूण घालवली आणि ती चोरीचीच निघाली, तर कैद. १२८ प्रमाणे चौदाच्या आतल्या दिसणाऱ्या मुलाकडून काहीही गहाण घेता येत नाही, आणि मालकाच्या माहिती-संमतीशिवाय विकतही घेता येत नाही. भंगाराच्या दुकानात पोरं काय काय आणून टाकतात ते पाहा म्हणजे या कलमाची किंमत कळेल.

मेख एकच आहे. हे सगळं पोलिसांनी लेखी वर्णन कळवल्यावरच सुरू होतं. कागदच गेला नाही तर दुकानदार म्हणतो, "मला काय माहीत?" आणि त्याचं म्हणणं या कलमांपुरतं टिकतं.

आयुक्तालय नसल्यानं अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारीही आदेश काढू शकतात. मुदत दोन महिने. पुढं शासनानं वाढवला तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. कायमचा इलाज नाही, पण पाणी भरायच्या हंगामापुरता पुरतो.

मोंढा_नाका

१६३ चा आदेश दर दोन महिन्यांनी नवा काढणार कोण? पहिला निघतो, पेपरात फोटो येतो, दुसरा निघत नाही.

गुंजभर

सराफाची बाजू मांडतो, ती ऐकल्याशिवाय हा धागा लंगडा राहील.

चोराला धरतात, तो सांगतो अमक्या सराफाला दिलं. माल तर केव्हाच आटलेला. मग 'तेवढ्या वजनाचं सोनं काढून द्या' म्हणतात. पावती, ओळखपत्र, फोटो, बँकेतून दिलेले पैसे, सगळं असलं तरी पन्नास चकरा होतात. त्यामुळं भीतीपोटी लहान सराफ मोड (वितळवायला येणारं जुनं सोनं) घ्यायचीच बंद करतो, आणि ती मोड आपोआप जो काहीच लिहीत नाही त्याच्याकडे जाते. नियम करताना हे ध्यानात घ्या: नोंद ठेवणाऱ्याला त्रास आणि न ठेवणाऱ्याला मोकळीक झाली की नियम उलटा फिरतो.

दुसरं, एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. मालकाचं नाव दिसत नाही. म्हणून 'ॲपवर बरोबर आला म्हणजे माल चोख' असं समजू नका. चोरीच्या गंठणाचा क्रमांकही बरोबरच येणार. त्याचा उपयोग वेगळा आहे: फिर्यादीत क्रमांक लिहिला असेल तर दागिना मोडायच्या आत ओळखता येतो. आपल्याकडचं जुनं डोरलं, पोत, पाटल्या यांवर क्रमांक नाहीच. तिथं फोटो आणि खुणा हाच आधार.

तुळजाई

गुंजभर काका, मग फिर्यादीत नेमकं काय लिहायचं ते एकदा नीट सांगा ना. बहुतेक बायका 'तीन तोळ्याचं गंठण' एवढंच सांगतात आणि ठाण्यात तेवढंच लिहून घेतात.

गुंजभर

ताई, तोळ्यातच लिहू नका. बाजार १० ग्रॅमचा तोळा धरतो आणि जुनी माणसं ११.६६ ग्रॅमचा. तीन तोळ्यांत पाच ग्रॅमचा फरक पडतो आणि न्यायालयात तोच फरक आरोपीच्या कामी येतो. ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत, पावतीवर आहे तसं लिहा. काळे मणी, दोरा, लाख धरून वजन की नक्त सोनं, तेही लिहा.

मग खुणा. वाट्या दोन की एक, आतून पोकळ की भरीव, कडी कुठं डागली आहे (डागाची जागा जरा वेगळ्या रंगाची दिसते), फासा कोणत्या प्रकारचा, एखादा मणी बदललाय का. लग्नाच्या अल्बममधला अंगावरचा फोटो चालतो, पण गळ्याजवळचा मोठा करून द्या. आणि घरी निवांत बसून आजच प्रत्येक दागिन्याचा मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. चोरी झाल्यावर आठवत नाही.

तुळजाई

हे छापून बचत गटांत वाटण्यासारखं आहे. धन्यवाद काका.

सातबारा

म्हणजे कलम_कसोटी आणि गुंजभर एकाच जागी आले. वर्णन. माझ्या नोंदवहीआधी वर्णनाचा कागद लागतो तर.

पावती_पुस्तक

वहीही लागते, पण नीट. भंगाराच्या काट्यासाठी पुरेल अशी नोंद: तारीख आणि वेळ, आणणाऱ्याचं नाव-गाव, ओळखपत्राचा प्रकार, आधार असेल तर फक्त शेवटचे चार अंक (पूर्ण आधारची झेरॉक्स गोळा करत बसू नका, ती दुसऱ्याच कुणाच्या हाती लागते), मोबाइल नंबर (तिथंच मिस्ड कॉल घ्या, नाहीतर खोटा देतात), आणलेल्या गाडीचा क्रमांक, मालाचं वर्णन, वजन, रक्कम, पैसे कसे दिले. आणि माल काट्यावर असताना एक फोटो, त्यात आणणारा माणूसही दिसला पाहिजे.

वर्णन म्हणजे 'लोखंड ४० किलो' नव्हे. 'स्टार्टरचा डबा १, झाकण नाही, आत रिले आहे' असं. पानांना छापील क्रमांक हवेत. सुट्ट्या पानांची वही म्हणजे पान फाडायची सोय.

पैशाचं म्हणाल तर इंग्लंड-वेल्समध्ये भंगाराला रोख पैसे द्यायलाच कायद्यानं बंदी आहे आणि परवाना स्थानिक कौन्सिल देतं. आपल्याकडे तसं नाही, पण २,००० च्या वर यूपीआयनेच द्यायचं असं व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवलं तर कुणी अडवलंय?

गोदाकाठ

पावती_पुस्तक, गाड्यावर "भंगार, पत्रा, बाटली" ओरडत फिरणाऱ्याकडून तुम्ही यूपीआय आणि मिस्ड कॉल मागणार? त्याचा दिवसाचा धंदाच काही शे रुपयांचा. दहा घरांतून दोन-दोन किलो आणतो, मालक कोण ते तो तरी कसा सांगणार? असा नियम लावला तर पहिला मार त्याला, आणि रात्री पिकअप भरून नेणारा तसाच सुटतो.

पावती_पुस्तक

मान्य. मग उंबरठा ठेवा. फेरीवाल्याचं ओळखपत्र एकदाच नोंदवायचं, रोज नुसतं वजन. पण तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, बॅटरी, मोटार, स्टार्टर, नोझल, नळाचे कॉक, मॅनहोलचं झाकण ही यादी आली की पूर्ण नोंद, मग माल किलोभर का असेना. रद्दी, पत्रा, प्लास्टिकला नोंद नको. फेरीवालाही मग असा माल घेताना दोनदा विचार करील.

रूळ_आणि_पूल

यादीत दोन गोष्टी घाला, ज्या घ्यायच्याच नाहीत. रेल्वेचा माल: १९६६ च्या कायद्यात चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला माल नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. परभणी, पूर्णा, नांदेड पट्ट्यातल्या दुकानदारांना हे माहीत असायला हवं. आणि वीज कंपनीचा: विद्युत कायदा २००३, कलम १३६ तारा-साहित्य चोरणाऱ्याला, १३७ ते घेणाऱ्याला. डीपीचं (रोहित्राचं) तेल आणि वेटोळं, खांबावरची तार यात येतं.

सातबारा

विहिरीवरची माझी केबल १३६ मध्ये येईल का?

कलम_कसोटी

ते कलम वीज पुरवण्यासाठी उभारलेल्या तारा-साहित्याचं आहे. तुमची मोटार-केबल खासगी, तिथं भारतीय न्याय संहितेतली साधी चोरी. पण घेणाऱ्याला ३१७ लागतं, जुनं ४११. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत. *सराईतपणे* असा धंदा करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. 'मानायला कारण' हे शब्द महत्त्वाचे. विहीरवाट यांचा जळका पीळ आणि लेखी पोहोचलेलं वर्णन, हे दोन्ही त्याच शब्दांत बसतात.

जुना_डबा

मोबाइलबद्दल कुणी बोललं नाही. दुकानदारानं जुना फोन घेताना *#०६# दाबायचं, १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो. दोन सिमचा असेल तर दोन येतात, दोन्ही तपासा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवा. ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट आलं तर फोन हातात घेऊ नका. पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि सिमच्या ट्रेवर असेल तर तिथला क्रमांक जुळतो का बघा. क्रमांक बदलणं हा दूरसंचार कायदा २०२३ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि ५० लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे.

ज्याचा गेला त्यानं ठाण्यात तक्रार, मग त्याच नंबरचं नवं सिम, मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (फोनांच्या केंद्रीय नोंदीत) ब्लॉकची विनंती, याच क्रमानं जायचं. नव्या सिमवर ओटीपी येतो, म्हणून सिम आधी. लोक सिम न घेता अर्ज भरायला बसतात आणि अडकतात.

एक फट मात्र राहते. आयएमईआय मदरबोर्डावर असतो. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा सुटे करून विकले तर कुठलीच तपासणी लागू पडत नाही. म्हणून दुरुस्तीच्या दुकानांत 'बोर्डाविना' फोनांचा ढीग असेल तर विचारणा व्हायला हवी.

मोंढा_नाका

गाड्यांचं त्यामानानं बरं आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली की मालकानं नमुना २९ग भरायचा.

रूळ_आणि_पूल

कागदावर. 'गाडी घेणे-देणे' एवढी पाटी लावून बसलेल्यांकडे ते प्रमाणपत्र मागून बघा.

सहकार_खिडकी

गहाणाचं सगळे विसरलात. सोनं चोरणारा पुष्कळदा विकतच नाही, गहाण टाकतो. विकताना पावती, ओळखपत्र विचारतात. अवैध सावकार काहीच विचारत नाही, निम्म्याहून कमी पैसे देतो, आणि चोर सोडवायला कधी येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. तो ३१ मार्चला संपतो आणि ठरलेल्या कार्यक्षेत्रापुरताच असतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तारण कर्जाचा व्याजदर शेतकऱ्याला द.सा. ९ टक्के, इतरांना १५. कुणी महिन्याला तीन-पाच टक्के सांगत असेल तर तो परवानाधारक असला तरी कायद्याबाहेर चालला आहे.

तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) कार्यालयात परवानाधारकांची यादी मिळते. ती मागा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ज्याचं नाव यादीत नाही आणि तरी दागिने ठेवून पैसे देतो, त्याची लेखी तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करा. त्यांना झडतीचा अधिकार आहे. तक्रारीत व्यवहाराची तारीख, रक्कम, वस्तू, असेल ती चिठ्ठी जोडा. 'अमका सावकारी करतो' एवढ्यावर झडती होत नाही. आणि एक पळवाट ओळखून ठेवा: गहाण घेऊन चिठ्ठी मात्र 'खरेदी'ची देतात.

गुंजभर

सहकार_खिडकी यांना अनुमोदन. आमच्या सराफ्यात मोडीवर कितीही पहारा बसवा, शेजारच्या गल्लीत विनाचिठ्ठी गहाण चालत असेल तर पाणी तिकडूनच वाहणार.

डोळा_उघडा

कॅमेऱ्यांबद्दल थोडं. 'सीसीटीव्ही लावा' म्हणून आदेश निघतात, पण चोरी कळते पंधरा दिवसांनी आणि रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. हिशोब करा: चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, सतत रेकॉर्डिंग, म्हणजे रोजचे ८६ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. महिनाभर हवं तर ३ टीबी तरी घ्या.

एक कॅमेरा काट्यावर, एक दारात चेहऱ्याच्या उंचीवर. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्याच दिसतात. लाइट गेल्यावर डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मागं पडतं. महिन्यातून एकदा मोबाइलच्या घड्याळाशी जुळवून फरक वहीत लिहा. आणि चित्रण पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते त्याच वेळी भरून द्या. पेन ड्राइव्ह नुसता हातात ठेवला तर पुढं तो पुरावा उभा राहत नाही.

बांधावरचा

लई चांगली माहिती देऊ लागलेत सगळे. पण आम्हाला आधी आमची मोटार ओळखता आली पाहिजे की. पोलिसांनी वीस मोटारी पकडल्या, सगळ्या सारख्याच. आपली कोणती म्हणून सांगावं?

विहीरवाट

दादा, नावाची पट्टी रिव्हेटवर असते, चोर ती पहिली उचकटतो. पट्टीवरचा क्रमांक आजच वहीत उतरवा आणि अंगावर दुसरी खूण करा. मोनोब्लॉक असेल तर ओतीव लोखंडाच्या पायावर अक्षरांच्या ठशानं गट नंबर आणि गावाची दोन अक्षरं ठोका. सबमर्सिबलच्या स्टीलच्या नळीवर मात्र हातोडा मारू नका. पत्रा पातळ, आत स्टेटर, चेपला की मोटार गेली. तिथं कोरायचं इलेक्ट्रिक पेन वापरा, किंवा पंपाच्या ओतीव भागावर ठसा मारा. केबलवर दर पाच मीटरला गट नंबर कोरा. जाळली तर जाईल, पण मग जाळलेलं कुणी घ्यायचं नाही हा नियम आहेच.

ठशांचा एक संच गावात घेतला तरी सगळ्यांच्या मोटारींवर होतो. पोलीस पाटलांकडे त्याची यादी ठेवा.

कलम_कसोटी

आणि माल सापडला तर ठाण्यात गंजू देऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली सुपूर्तनाम्यावर परत मागा. न्यायालयानं मालाचं वर्णन १४ दिवसांत तयार करायचं, फोटो काढून घ्यायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचा निर्णय द्यायचा, असं त्यात आहे. फोटो पुराव्याला चालतात, मोटार हंगामात चालू शकते. अर्जाला सातबारा उतारा, खरेदी पावती आणि ठशाचा फोटो जोडा.

तुळजाई

मग सातबारा दादा, ग्रामसभेत काय मांडणार?

सातबारा

पहिल्या पोस्टमधली माझी मागणी बदलतो. मसुदा असा करतोय, काही चुकत असेल तर सांगा.

प्रत्येक चोरीच्या फिर्यादीसोबत मालाचं एक पानी वर्णन, फोटोसकट. ते ठाण्यानं चोवीस तासांत तालुक्यातल्या सराफ, भंगार आणि मोबाइलच्या दुकानांना लेखी द्यावं आणि पोहोच घ्यावी, म्हणजे १२६-१२७ सुरू होतील. व्हॉट्सॲपवरही टाकावं, पण सही कागदावर. जळका पीळ कुठल्याच काट्यावर नाही. यादीतल्या मालाला पूर्ण नोंद, घेतल्यापासून सात दिवस तो वेगळा ठेवायचा. सहायक निबंधकांकडची परवानाधारक सावकारांची यादी फलकावर. आणि गुंजभर काकांचं म्हणणं: ज्याची नोंद, फोटो, बँकेचा व्यवहार पूर्ण आहे त्याला आधी साक्षीदार म्हणून बोलवावं, अशी विनंती पोलीस अधीक्षकांना.

गुंजभर

सात दिवस सोन्याला जड जातील. भाव रोज हलतो, लहान सराफाचं भांडवल अडकतं. तीन दिवस ठेवा. वर्णन चोवीस तासांत येणारच असेल तर तीन पुरतात.

पावती_पुस्तक

भंगाराला सात, सोन्याला तीन. विहिरीवरची चोरी शेतकऱ्याला पाण्याच्या दुसऱ्या पाळीला कळते, म्हणून तिथं सात कमी करू नका.

सातबारा

ठरलं, तसंच लिहितो. विहीरवाट, ठशांचा संच किती मिमीचा घ्यायचा?

विहीरवाट

८ मिमी. ६ चा रंगाखाली बुजतो.